कॅलिफोर्नियात एलव्हीएन होऊन वृद्धसेवेत नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बे एरियात किंवा सॅक्रामेंटोकडे राहणाऱ्या मराठी घरांतून नर्सिंगबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात. मुलं शाळेत जायला लागलेली असतात, वर्क परमिट हातात आलेलं असतं आणि भारतातली पदवी इथे कुणी विचारत नसतं. अशा वेळी कुणीतरी ‘एलव्हीएन कर, वर्षा-सव्वा वर्षात नोकरी लागते’ असं सांगतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं इथे लिहिलं आहे.

एलव्हीएन म्हणजे नक्की कोण?

लायसन्स्ड व्होकेशनल नर्स. हे नाव फक्त कॅलिफोर्निया आणि टेक्सस या दोन राज्यांत चालतं. बाकी अमेरिकेत त्याच कामाला एलपीएन म्हणतात आणि परीक्षाही तीच असते. उतरंडीत खाली सीएनए, म्हणजे आंघोळ, कपडे, खाणं, डायपर, कूस बदलणं हे सगळं करणारी. वर आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स. मधली जागा एलव्हीएनची. ती औषधं देते, इन्सुलिन टोचते, जखमांचं ड्रेसिंग करते, पोटातल्या नळीतून फीड देते, डॉक्टरला फोन करून ऑर्डर घेते आणि हे सगळं नोंदवून ठेवते. काम आरएन किंवा डॉक्टरच्या निर्देशाखाली करायचं असतं. रुग्णाचं पहिलं सर्वंकष मूल्यमापन आरएनने करायचं. सलाइन लावायचं असेल तर वेगळा आयव्ही कोर्स लागतो, आणि तो झाला तरी शिरेतून औषध सोडण्याची परवानगी सर्वसाधारणपणे मिळत नाही.

नोकरी मिळेल का?

मिळेल. या लेखातलं सर्वांत सोपं उत्तर हेच.

देशभरातल्या एलपीएन-एलव्हीएनपैकी साधारण तिघींतली एक नर्सिंग होम (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, तर वृद्धांना ठेवून घेऊन शुश्रूषा करणारी संस्था) किंवा तत्सम निवासी संस्थेत काम करते. केंद्रीय श्रम खात्याच्या अंदाजाप्रमाणे २०२३ ते २०३३ या दहा वर्षांत या व्यवसायातली वाढ जेमतेम ३ टक्के आहे. हा आकडा पाहून नाक मुरडू नका. दरवर्षी रिकाम्या होणाऱ्या जागा पन्नास हजारांहून अधिक आहेत, कारण लोक निवृत्त होतात, आरएन होतात किंवा कंटाळून सोडून जातात. शेवटचं कारण लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच बोलायचं आहे.

दुसरीकडे, दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मोठ्या पिढीतले पहिले लोक १९४६चे. ते २०२६ साली ऐंशीत येतात. नर्सिंग होमची गरज साधारण ऐंशी ओलांडल्यावरच लागते, म्हणजे खरी रांग अजून यायची आहे. कोविडच्या काळात नर्सिंग होमांनी देशभरात दोन लाखांहून अधिक कामगार गमावले आणि ते भरून यायला वर्षं लागली.

हॉस्पिटलात मात्र एलव्हीएनला जागा कमी. मोठी हॉस्पिटलं आरएनच घेतात. तुमच्या डोळ्यांसमोर स्टॅनफर्डची चकचकीत लॉबी असेल तर आताच पुसून टाका. तुमची पहिली नोकरी बहुधा हमरस्त्यामागच्या एखाद्या बैठ्या इमारतीत असेल आणि तिथे ९९ खाटा असतील.

९९च का?

कॅलिफोर्नियाच्या नियमात शंभर किंवा अधिक खाटांच्या संस्थेला डायरेक्टर ऑफ नर्सिंग सोडून आणखी एक आरएन चोवीस तास जागी आणि कामावर ठेवावी लागते. ६० ते ९९ खाटांपर्यंत त्या जागी एलव्हीएन चालते. त्यामुळे राज्यभर ९९ खाटांच्या संस्था सापडतात. केंद्राचा नियमही ‘परवानाधारक नर्स चोवीस तास, आरएन दिवसातून सलग आठ तास’ एवढाच आहे. म्हणून संध्याकाळी आणि रात्री त्या इमारतीत सर्वांत वरच्या हुद्द्यावरची माणूस अनेकदा एलव्हीएन असते. तिला चार्ज नर्स म्हणतात. नव्या पोरीसाठी ही संधी आहे आणि धोकाही आहे. रात्री दोन वाजता एखाद्या आजोबांचा श्वास घरघरू लागला, तर ९११ला फोन करायचा की नाही, हा निर्णय तुमचा असतो.

पगार किती?

मे २०२४च्या सरकारी आकडेवारीत देशभरातला मधला पगार वर्षाला ६२,३४० डॉलर आहे, म्हणजे तासाला तीस डॉलरच्या आसपास. आदल्या वर्षी तो ५९,७३० होता. याच पाहणीत आरएनचा मधला पगार ९३,६०० डॉलर आणि सीएनएचा चाळीस हजारांच्या थोडा खाली आहे. म्हणजे एलव्हीएन सीएनएपेक्षा बरीच वर आणि आरएनपेक्षा बरीच खाली.

कॅलिफोर्निया देशाच्या सरासरीपेक्षा जास्त देतं. सॅन होजे, सॅन फ्रान्सिस्को भागात तासाला चाळीस डॉलरच्या आसपास. फ्रेस्नो, बेकर्सफील्डकडे गेलात की आकडा उतरतो, पण घरभाडंही उतरतं. टेक्ससमध्ये पगार कॅलिफोर्नियापेक्षा कमी आणि तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही. बे एरियात चाळीस डॉलरवर एकटीचं घर चालवणं अवघड आहे, हे स्पष्ट लिहायला हवं. आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या बाबतीत हा घरातला दुसरा पगार असतो, म्हणून तो पुरेसा वाटतो. पहिला आणि एकमेव पगार म्हणून बघणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

ओव्हरटाइम खरंच इतका मिळतो का?

हो, आणि कॅलिफोर्नियाचा नियम उदार आहे. इथे आठवड्याचे चाळीस तास भरायची वाट बघावी लागत नाही. दिवसाला आठ तासांनंतर दीडपट, बारा तासांनंतर दुप्पट. चाळीस डॉलरच्या दराने सोळा तासांची ‘डबल’ केली तर पहिल्या आठ तासांचे ३२०, पुढच्या चार तासांचे २४०, शेवटच्या चार तासांचे ३२०, असे एका दिवसाचे ८८० डॉलर होतात. काही संस्थांत बारा तासांची पाळी मतदानाने मंजूर केलेली असते. तिथे आठ तासांनंतरचं दीडपट मिळत नाही. हे आधीच विचारून घ्या.

कुणीतरी ऐनवेळी येत नाही आणि तुम्हाला थांबायला सांगतात, असं ओव्हरटाइमच्या निम्म्या वेळा तरी होतं. पैसा चांगला असतो. पण सोळाव्या तासाला तुम्ही इन्सुलिनची सिरिंज भरत असता, हेही तितकंच खरं. महिन्यातून दोनदा ठीक, आठवड्यातून दोनदा करणाऱ्यांचे परवाने धोक्यात आलेले या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, एखादं उदाहरण सांगतीलच.

मग लोक सोडून का जातात? पगार कमी म्हणून?

पगार हे एक कारण. मोठं कारण म्हणजे एका नर्सच्या वाट्याला येणारी माणसं.

हिशेब करून बघू. कॅलिफोर्नियात २०१८पासून नियम असा की प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला किमान ३.५ तास सेवा मिळाली पाहिजे आणि त्यातले २.४ तास सीएनएचे असले पाहिजेत. उरतात १.१ तास. ९९ रहिवाशांचे झाले साधारण १०९ तास, म्हणजे तिन्ही पाळ्या मिळून आठ-आठ तासांच्या तेरा-चौदा नर्सेस. यातून जखमा बघणारी ट्रीटमेंट नर्स, डेस्क सांभाळणारी, एखादी सुपरवायझर वजा करा. दिवसा औषधांच्या गाडीवर चार जणी उरतात, म्हणजे प्रत्येकीकडे पंचवीस. रात्री दोघी, म्हणजे प्रत्येकीकडे पन्नास.

सकाळी नऊची औषधं आठ ते दहाच्या दरम्यान द्यायची. पंचवीस जणांना दोन तास, म्हणजे एकाला पाच मिनिटंही नाहीत. या पाच मिनिटांत रक्तदाब बघायचा, गोळ्या कुटून ॲपलसॉसमध्ये कालवायच्या, स्मृतिभ्रंश झालेल्या आजींना तोंड उघडायला राजी करायचं, कॉम्प्युटरवर नोंद करायची. मध्येच फिजिओथेरपीवाला एकाला घेऊन जातो, एकाची मुलगी फोनवर असते, एकीला उलटी होते. नियमाने शक्य असलेलं काम आणि घड्याळाने शक्य असलेलं काम यांच्यात जी फट पडते, ती नर्स धावून भरते. धावणं जमेनासं झालं की ती नोकरी सोडते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तासाला तीन डॉलर कमी देणारी पण वीस रहिवासी देणारी संस्था मिळाली तर ती धरा, आणि जास्त देणारी पण तीस देणारी सोडा. पहिल्या वर्षी तर नक्कीच.

सरकार नर्सेसची संख्या वाढवणार होतं ना?

२०२४च्या एप्रिलमध्ये केंद्राने नियम काढला होता. दर रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तास आणि चोवीस तास आरएन. नर्सिंग होमच्या संघटना कोर्टात गेल्या, २०२५च्या एप्रिलमध्ये टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला, आणि त्याच उन्हाळ्यात काँग्रेसने त्याची अंमलबजावणी २०३४पर्यंत पुढे ढकलली. कॅलिफोर्नियाचा ३.५ तासांचा नियम राज्याचा आहे, तो कायम आहे. एलव्हीएनच्या दृष्टीने गंमत अशी की केंद्राचा रद्द झालेला नियम आरएन आणि सीएनए यांचेच तास वेगळे मोजत होता. मधल्या फळीसाठी त्यात स्वतंत्र आकडाच नव्हता. तो लागू झाला असता तर काही मालकांनी एलव्हीएनच्या पाळ्या कापून आरएन भरल्या असत्या, अशी भीती तेव्हा बोलली जात होती.

पैसा येतो कुठून? पगार वाढत का नाहीत?

देशातल्या नर्सिंग होमांमधल्या दर दहा रहिवाशांपैकी सहांचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी विमा, उचलतं. कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात. हा दर सरकार ठरवतं, मालक नाही. हॉस्पिटलातून हाडं मोडून किंवा शस्त्रक्रिया होऊन थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचा खर्च मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांचा केंद्राचा विमा, देतं, जास्तीत जास्त शंभर दिवस आणि त्यातले पहिले वीस पूर्ण. मेडिकेअरचा दर चांगला, म्हणून प्रत्येक संस्थेला असे पाहुणे हवे असतात. ते जितके जास्त, तितकी तुमची ॲडमिशन आणि डिस्चार्जची कागदपत्रं जास्त. कायमस्वरूपी रहिवाशांच्या मजल्यावर पैसा कमी, पण माणसं ओळखीची होतात. कोण गोळी थुंकतं, कुणाला चहा दिल्याशिवाय इंजेक्शन टोचता येत नाही, हे पाठ होतं. नव्या नर्सने हाच मजला मागून घ्यावा.

जास्त पगाराची ठिकाणं कोणती?

सबॲक्यूट युनिट, जिथे व्हेंटिलेटर आणि गळ्यातल्या नळीवरचे रुग्ण असतात. दर जास्त, नर्समागे रुग्ण कमी, पण काम कौशल्याचं. वर्षभराचा अनुभव घेऊन तिकडे जाणं शहाणपणाचं.

रजिस्ट्री म्हणजे पाळीपुरत्या नर्स पुरवणारी एजन्सी. तासाचा दर चढा, पण सुट्ट्या किंवा विमा बहुधा नाही, आणि दर पाळीला नवी इमारत. नवशिकीने या वाटेला जाऊ नये.

हॉस्पिस (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची सेवा), होम हेल्थ, लहान मुलांची घरगुती नर्सिंग, पेस केंद्रं असेही पर्याय आहेत. पेस हा वृद्धांना घरीच ठेवून दिवसा केंद्रात सगळी सेवा देण्याचा कार्यक्रम. त्याचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑन लॉक संस्थेत, १९७०च्या दशकातलं. तिथे सोमवार ते शुक्रवार दिवसाची पाळी मिळते, म्हणून शाळकरी मुलं असलेल्या बायका त्यावर टपून बसलेल्या असतात. असिस्टेड लिव्हिंगमध्ये गोळ्या बहुधा परवाना नसलेले मेडटेक देतात आणि एलव्हीएन देखरेख करते. अंगमेहनत कमी, नातेवाइकांशी बोलणं जास्त.

नोंदींत हात बसला की एमडीएस विभागातही शिरता येतं. रहिवाशाची कागदोपत्री माहिती सरकारला जाते आणि त्यावर पैसे ठरतात, ते हे खातं. अंतिम सही आरएनची लागते, पण काम एलव्हीएनही करतात. बँकेत किंवा हिशेबात काम केलेल्या बायका यात झपाट्याने पुढे गेलेल्या दिसतात.

शिक्षण किती आणि खर्च किती?

किमान १५३० तास : ५७६ वर्गातले, ९५४ प्रत्यक्ष रुग्णांजवळचे. पूर्ण वेळ केलं तर वर्ष ते दीड वर्ष. वय किमान सतरा आणि बारावीच्या तोडीचं शिक्षण. भारतातली गुणपत्रिका मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. त्यानंतर एनक्लेक्स-पीएन परीक्षा, ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, नोंदणी फी २०० डॉलर. परवाना राज्याचं बीव्हीएनपीटी मंडळ देतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि दर दोन वर्षांनी ३० तासांचं पुढचं शिक्षण दाखवून नूतनीकरण.

खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, ॲडल्ट स्कूलही स्वस्त. पण जागा कमी आणि वाट बघावी लागते. खासगी शाळा लगेच घेतात आणि तीस-चाळीस हजार डॉलर लावतात. मंडळ प्रत्येक शाळेचा परीक्षेतला निकाल जाहीर करतं. तो बघितल्याशिवाय एक डॉलरही भरू नका. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक लावणाऱ्या शाळेचा निकाल आधी काढा. प्लेसमेंट तर सगळ्यांचीच होते, हे वर सांगितलंच.

माझ्याकडे भारतातली पदवी आहे. सरळ आरएनच का करू नये?

करता येत असेल तर करा. पदवीधरांसाठी वेगाने आरएन करून देणारे अभ्यासक्रम आहेत, महाग आहेत, प्रवेशाआधी शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र वगैरे विषय इथे पुन्हा करावे लागतात. घरात दोन-तीन वर्षं पगाराशिवाय निघत असतील आणि वय चाळिशीच्या आत असेल, तर मी तोच सल्ला देईन. एलव्हीएन त्यांच्यासाठी ज्यांना लवकर कमवायला लागायचं आहे, किंवा हे काम आपल्याला झेपतं का हे आधी बघायचं आहे. नंतर एलव्हीएन-ते-आरएन ब्रिज करता येतो. कॅलिफोर्नियात ‘३० युनिट’ नावाचा आडमार्गही आहे. त्यात पदवीशिवाय आरएनचा परवाना मिळतो, पण दुसरी राज्यं तो मानत नाहीत. नवऱ्याची नोकरी उद्या सिॲटलला गेली तर पंचाईत.

राज्य बदलण्यावरूनच आणखी एक : टेक्ससचा परवाना अनेक राज्यांच्या सामाईक करारात चालतो. कॅलिफोर्निया त्या करारात नाही. इथे येताना किंवा इथून जाताना नव्याने अर्ज करायचा.

मी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे. चालेल?

शिकायला चालेल. पगाराची नोकरी करायला वर्क परमिट हवं, आणि ते २०१५च्या नियमाप्रमाणे नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल अशांनाच साधारणपणे मिळतं. परवान्याच्या अर्जाला सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन चालतो. परमिट येईल या आशेवर खासगी शाळेचं कर्ज काढू नका.

मी नाशिकला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आहे. एलव्हीएन म्हणून अमेरिकेत येता येईल का?

ही वाट जवळपास बंद समजा. ज्या खास यादीमुळे परदेशी नर्सना हिरव्या कार्डाच्या प्रक्रियेतला एक मोठा टप्पा वगळता येतो, तिच्यात आरएन आहेत, एलव्हीएन नाहीत. एच-१बी मध्येही हे काम बसत नाही. तुमचं जीएनएम तीन वर्षांचं आहे, तुम्ही आरएनसाठीच प्रयत्न करायला हवा. एनक्लेक्स-आरएन मुंबईतही देता येते. कॅलिफोर्नियाचं आरएन मंडळ थिअरी आणि वॉर्डमधलं काम एकाच काळात झालं का हे काटेकोर तपासतं, म्हणून अनेक जणी दुसऱ्या राज्याकडे अर्ज करतात. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग लांब आहे, हेही लक्षात ठेवूनच एजंटला पैसे द्या.

लोक म्हणतात, ‘एमएस्सी करून म्हाताऱ्यांचे डायपर बदलणार?’

बदलावे लागतील, कधी कधी. मुख्यतः सीएनए ते करतात, पण बेल वाजत असताना ‘माझं काम नाही’ म्हणून पुढे जाणारी एलव्हीएन आठवडाभरात सगळ्यांच्या मनातून उतरते. आणि सीएनए तुमच्याशी बोलेनाशा झाल्या की कुणाच्या पाठीवर लाल चट्टा आला आहे, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. ज्या काकू हा प्रश्न विचारतात, त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंना ठाण्यात कोण सांभाळतंय, हे त्यांना विचारून बघा.

ऑफर हातात आहे. होकार देण्याआधी काय बघू?

मेडिकेअरच्या केअर कम्पेअर या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव टाका. तारे बघा, पण ताऱ्यांपेक्षा दोन आकडे महत्त्वाचे : रहिवाशामागे नर्सचे तास आणि वर्षभरात नोकरी सोडलेल्या नर्सेसचं प्रमाण. हे पगाराच्या नोंदींवरून काढलेले असतात, त्यामुळे रंगसफेदी कमी. शेवटच्या तपासणीतले दोषही तिथेच वाचता येतात.

मग मुलाखतीत विचारा : माझ्या गाडीवर किती जण? ओरिएंटेशन किती पाळ्यांचं? तीन पाळ्यांत तुम्हाला एकटीला सोडणार असतील तर नको म्हणा, निदान दोन आठवडे मागा. डायरेक्टर ऑफ नर्सिंग किती दिवसांपासून आहे? वर्षात तिसरी असेल तर समजून जा. युनियन आहे का? साइन-ऑन बोनस असेल तर मध्येच सोडल्यावर किती परत द्यायचा, हे कागदावर वाचा. आणि जमलं तर एकदा दुपारी तीनच्या सुमारास, पाळी बदलताना, नुसतंच जाऊन लॉबीत बसा. बाहेर पडणाऱ्या नर्सेस वेळेवर निघतात की चारपर्यंत नोंदी करत बसलेल्या असतात, ते दिसेल.